पिवळ्या पिशवीची राखण

गणेशोत्सवातील रक्तदान शिबिरातून आम्हांला परत पाठविण्यात आले, त्याला आता वर्ष होऊन गेले. इंदूरच्या आमच्या मंडळात आरती, अथर्वशीर्षाची आवर्तने आणि मुलांच्या स्पर्धा यांच्या जोडीने रक्तदानाचा एक दिवस पुष्कळ वर्षांपासून पाळला जातो, आणि त्या दिवशी पहिल्या दहांत आपला नंबर लागावा अशी आम्हांला एक बाळबोध हौस आहे. टेबलापाशी बसलेली डॉक्टर आमच्याच ओळखीच्या घरातील मुलगी. तिने छापील प्रश्नावली वाचावयास सुरुवात केली. ताप? नाही. जुलाब? नाही. जखम, गळू? नाही.

"काका, इतक्यात दात किंवा दाढ काढली का?"

"परवाच काढली. पण आता काही दुखत नाही. लिहू नको तेवढे."

"मग आज नको, काका. पुन्हा केव्हा यायचे ते मी लिहून देते."

"अग, एका दाढेने रक्त का नासते?"

"रक्त नाही नासत, काका. पिशवी नासते."

मागे रांगेत दहा-बारा मंडळी उभी होती, त्यांनी हे ऐकले. आम्ही काहीसे फणकाऱ्यानेच उठलो. चहाही घेतला नाही. दोन दिवसांनी राग निवळल्यावर त्याच मुलीला फोन करून विचारले, की बाई, पिशवी नासते म्हणजे नेमके काय होते? ती म्हणाली, "रक्तपेढीतच या ना एकदा. सांगून कळणार नाही, पाहिल्यावर कळेल." गेलो आणि पाहिले. त्यानंतर जे वाचले, विचारले, आणि पुढे आमच्याच आप्तांच्या घरी जे घडले, त्याची ही हकीगत आहे.

रक्तपेढी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर शीतकपाट उभे राहते. ते तेथे आहेच. तांबड्या पेशींच्या पिशव्या २ ते ६ अंश सेल्सिअसला, द्रावणाच्या प्रकाराप्रमाणे ३५ ते ४२ दिवस टिकतात. रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा, उणे ३० अंशांच्या खाली गोठवून वर्षभर ठेवता येतो. परंतु एका कोपऱ्यात काचेच्या दाराचे एक निराळेच कपाट होते. त्यातील फळ्या पाळण्यासारख्या मागे-पुढे हलत होत्या, आणि त्यांवर गव्हाच्या काडासारख्या फिकट पिवळ्या रंगाच्या पिशव्या पहुडल्या होत्या. ह्या बिंबिकांच्या पिशव्या. बिंबिका म्हणजे ज्यांना आपण सर्व जण डेंग्यूच्या कृपेने 'प्लेटलेट' म्हणून ओळखू लागलो आहो त्या. कपाटाच्या तापमापकावर २२ अंश होते. वैशाखात आमच्या घरात कूलर लावूनही इतका गारवा येत नाही हे खरे. पण रक्तपेढीच्या हिशेबाने हे तापमान उबदारच म्हणावयाचे.

रक्ताचा हाच एक घटक उबेत का ठेवतात? बिंबिका ह्या रक्तातील सर्वांत चिमुकल्या पेशी. त्यांना केंद्रक नसते. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात त्या दीड ते चार लाख असतात. रक्तवाहिनीला कोठे भगदाड पडले की तेथे चिकटून ते बुजविणे हे त्यांचे काम, आणि आयुष्य जेमतेम आठ-दहा दिवसांचे. पूर्वी त्याही थंडच ठेवीत असत. १९६९ साली फिलाडेल्फियातील मर्फी आणि गार्डनर ह्या दोन डॉक्टरांनी दाखवून दिले, की थंड केलेल्या बिंबिका रुग्णाच्या अंगात गेल्यावर फार लवकर नाहीशा होतात, आणि साध्या खोलीच्या तापमानात ठेवलेल्या मात्र कितीतरी अधिक काळ टिकतात. गारठ्याने त्यांचा चपट्या तबकडीसारखा आकार बदलून त्या काटेरी गोळ्यासारख्या होतात, पृष्ठभाग पालटतो, आणि शरीर त्यांना परके समजून काढून टाकते. तेव्हापासून जगभर बिंबिका २० ते २४ अंशांना, सतत हलत्या फळीवर ठेवण्याची रीत पडली. पिशवीचे प्लास्टिकही असे की त्यातून प्राणवायू आत यावा आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जावा. पिशवी श्वास घेते म्हटले तरी चालेल.

आता आमच्या वाचक भगिनींना पुढचे सांगावयास नको. कोमट दुधात बोटभर विरजण घालून ते उबेला ठेवले की सकाळी काय होते हे त्या रोज पाहतात; आणि तेच दूध शीतकपाटात ठेवले तर विरजण लागत नाही. बिंबिकांची पिशवी ही जीवाणूंच्या दृष्टीने उबेला ठेवलेले भांडेच होय. त्यात साखर आहे, प्रथिने आहेत, प्राणवायू आहे, आणि वर पाळणाही हलतो आहे. समजा, त्यात एकच जीवाणू शिरला आणि दर दोन तासांनी दुप्पट होत गेला, तर दोन दिवसांत त्याचे १ कोटी ६७ लाखांहून अधिक होतील. हा केवळ पाटीवरचा हिशेब आहे. काही जंतू याहून सावकाश वाढतात, काही वेगाने. परंतु दात्याच्या हातातून पिशवीत गेलेले मूठभर जंतू चौथ्या-पाचव्या दिवशी प्राणघातक का ठरतात, हे त्यावरून ध्यानात यावे. म्हणूनच बिंबिकांचे आयुष्य सामान्यतः पाच दिवसांचे धरतात. त्या पाच दिवसांतही पहिल्या दिवसाची पिशवी आणि पाचव्या दिवसाची पिशवी यांत धोक्याच्या दृष्टीने मोठे अंतर असते.

हे पाच दिवसांचे बंधनही ठेच लागूनच आलेले आहे. अमेरिकेत १९८४ साली ही मुदत सात दिवसांपर्यंत वाढविण्यात आली. नव्या प्लास्टिकच्या पिशव्यांत बिंबिका तितके दिवस छान तग धरीत होत्या. परंतु त्यांच्यासोबत जंतूही तग धरीत होते. दूषित पिशव्यांच्या वार्ता येऊ लागल्या आणि १९८६ साली मुदत पुन्हा पाच दिवसांवर आणावी लागली.

जंतू येतात कोठून? आमचा समज असा, की रक्तपेढीत कोणी तरी गलथानपणा केल्याखेरीज असे होणार नाही. तो समज चुकीचा निघाला. बहुतेक जंतू दात्याच्याच कातडीवरचे असतात. तुमच्या-आमच्या त्वचेवर स्टॅफिलोकॉकसच्या जातीचे जंतू जन्मापासून नांदत असतात, आणि ते नुसते वर न राहता केसांच्या मुळांशी व ग्रंथींतही दडलेले असतात. कोपराच्या वळणात जाड सुई शिरते तेव्हा ती कधी कधी कातडीचा सूक्ष्म तुकडा कापून स्वतःबरोबर आत नेते. वरून कितीही पुसले तरी त्या तुकड्याच्या पोटात एखादा जंतू असू शकतो. वारंवार रक्त देणाऱ्यांच्या कोपरात सुयांचे व्रण पडून खळगे झालेले असतात. तेथे औषध नीट पोहोचत नाही. हे ऐकून आम्ही नकळत बाही खाली ओढली.

दुसरी वाट दात्याच्या रक्तातून. माणूस वरून धडधाकट दिसतो, पण दाढ काढल्यामुळे, पोट बिघडल्यामुळे किंवा कोठे गळू असल्यामुळे काही काळ त्याच्या रक्तात थोडे जंतू फिरत असतात. त्याचे शरीर त्यांचा परस्पर निकाल लावते, त्याला पत्ताही लागत नाही. त्याच वेळी रक्त दिले, तर त्यांतील काही पिशवीत उतरतात, आणि तेथे त्यांचा निकाल लावणारे कोणी नसते. "लिहू नको तेवढे" असे आम्ही ज्याबद्दल म्हणालो होतो, ते हे! तिसरी वाट उपकरणांची व हाताळणीची. पिशव्या आता बंद नळ्यांनी एकमेकींस जोडलेल्या असल्यामुळे ती पुष्कळ अरुंद झाली आहे, पण अगदीच बंद नाही.

निरनिराळ्या देशांतील तपासण्यांतून असे दिसते, की साधारणपणे दर एक ते तीन हजार बिंबिकापिशव्यांमागे एक दूषित असते. प्रत्येक दूषित पिशवीने माणूस दगावतो असे मुळीच नाही. पुष्कळदा जंतू सौम्य असतात व थोडे असतात. तरीही ज्या देशांत एड्स आणि काविळीच्या विषाणूंसाठी अतिशय सूक्ष्म चाचण्या होतात, तेथे आज बिंबिका घेणाऱ्या रुग्णाला संसर्गाचा मोठा धोका विषाणूंपेक्षा ह्या साध्या जंतूंचाच उरला आहे. आपण सर्व जण विषाणूंना घाबरतो. विरजणाला कोण घाबरणार?

प्रतिबंधाची पहिली पायरी म्हणजे तीच छापील प्रश्नावली, जिला आम्ही औपचारिकता समजत होतो. दुसरी पायरी हात धुण्याची, म्हणजे दात्याचा हात. क्लोरहेक्सिडीन आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणाने सुईची जागा निदान अर्धा मिनिट घासून पुसावयाची आणि मग ती आपोआप वाळू द्यावयाची. ह्या वाळू देण्यातच सारे मर्म आहे, आणि घाईत नेमके तेच राहते. शीर सापडत नाही म्हणून पुसलेल्या जागेवर पुन्हा बोट टेकले, की केलेले सर्व वाया.

तिसरी युक्ती इतकी सोपी आहे की ती आधीच कशी सुचली नाही याचे नवल वाटते. सुई टोचल्यावर प्रथम येणारे २०-३० मिलिलिटर रक्त मोठ्या पिशवीत न सोडता बाजूच्या लहानशा पिशवीत वळवावयाचे. कातडीचा तुकडा, आणि त्याबरोबरचे जंतू, बहुधा ह्या पहिल्या ओघातच येतात. नळ सुरू केल्यावर पहिले गढूळ पाणी आपण सोडून देतो, तसेच हे. ते रक्त फुकटही जात नाही. रक्तगटाच्या आणि रोगांच्या चाचण्यांसाठी नमुना लागतोच, तो त्यातून घेतात. मात्र अशी बाजूची पिशवी जोडलेली संचपिशवी आपल्याकडे सगळीकडे वापरली जात नाही. तिची किंमत थोडी अधिक पडते.

एवढे करूनही जो जंतू निसटतो त्याला शोधावयाचे कसे? येथे आपली जुनी म्हण उपयोगी पडत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात सारखाच शिजलेला असतो. अडीचशे मिलिलिटरच्या पिशवीत रक्तदानानंतर लगेच दहा-वीस जंतू असतील आणि आपण थोडासा नमुना काढला, तर त्यात एकही न येण्याचाच संभव अधिक. नमुना निर्दोष ठरतो, पिशवी मात्र दूषितच असते. म्हणून शहाणपणाचा मार्ग असा निघाला, की आधी थांबावे, जंतूंना वाढू द्यावे, आणि मग नमुनाही मोठा घ्यावा. इंग्लंडच्या राष्ट्रीय रक्तसेवेने २०११ पासून बिंबिकांची सरसकट तपासणी सुरू केली. तेथे रक्तदानानंतर ३६ तास थांबतात आणि मग दोन बाटल्यांत प्रत्येकी ८ मिलिलिटर नमुना घालतात. एक बाटली हवेत वाढणाऱ्या जंतूंसाठी, दुसरी हवेवाचून वाढणाऱ्यांसाठी. बाटल्यांत जंतूंचे खाद्य असते. बुडाशी एक रंगीत चकती असते. जंतू वाढू लागले की कार्बन डायऑक्साइड निघतो, चकतीचा रंग बदलतो, आणि यंत्र घंटा वाजविते. अशा तपासणीच्या भरवशावर त्यांनी मुदत सात दिवसांपर्यंत नेली.

परंतु बाटली दिवसचे दिवस यंत्रात राहते, आणि बिंबिकांना तितकी सवड नसते. तेव्हा आतापर्यंत काही वाढले नाही एवढ्यावरच पिशवी रुग्णालयात जाते, बाटली मागे राहते. पुढे घंटा वाजलीच तर टेलिफोनवरून पिशवी परत मागवावयाची. ती तोवर रुग्णाच्या अंगात गेलेली नसली, तर नशीब.

अमेरिकेत रक्तपेढ्यांच्या संघटनेने १ मार्च २००४ पासून प्रत्येक बिंबिकापिशवीसाठी जंतू टाळण्याचे व शोधण्याचे उपाय आवश्यक केले. त्याच वर्षी ओहायो आणि युटा ह्या राज्यांत एकेक रुग्ण दूषित बिंबिकांमुळे दगावला. दोन्ही पिशव्यांची चाचणी झालेली होती व ती निर्दोष ठरली होती. ओहायोतील पिशवी कागदी पट्टीच्या ढोबळ चाचणीने तपासली होती, तर युटातील संवर्धनाच्या बाटलीने. पुढे २०१९ साली तेथील औषध-प्रशासनाने नियम अधिक कडक केले. उशिरा आणि मोठा नमुना घ्या, किंवा पिशवी देण्याच्या सुमारास दुसऱ्यांदा चाचणी करा, किंवा जंतूंना पिशवीतच निकामी करा, असे पर्याय रक्तपेढ्यांपुढे ठेवले.

हा शेवटचा पर्याय मोठा मौजेचा आहे. कोड आलेल्या माणसास बावचीचे बी लावून उन्हात बसविण्याचा वैद्यांचा जुना उपाय आपल्या वाडवडिलांना ठाऊक होता. बावचीत सोरालेन नावाचे द्रव्य असते, आणि सूर्याच्या अतिनील किरणांत ते जागे होते. त्याच कुळातील अमोटोसालेन हे कृत्रिम द्रव्य बिंबिकांच्या पिशवीत घालून तिच्यावर अतिनील प्रकाश सोडतात. द्रव्य जंतूंच्या डी.एन.ए.ला घट्ट बांधून टाकते, मग त्यांना दुप्पट होता येत नाही. बिंबिकांना केंद्रकच नसल्यामुळे त्यांचे फारसे बिघडत नाही. दुसऱ्या एका पद्धतीत रिबोफ्लेविन, म्हणजे आपले बी-२ जीवनसत्त्व, वापरतात. स्वित्झर्लंडने २०११ पासून आणि फ्रान्सने २०१७ पासून आपल्या सर्व बिंबिका अशा प्रकारे प्रकाशातून काढावयास प्रारंभ केला. अर्थात हाही रामबाण नव्हे. काही जंतू बीजाणूंच्या कवचात बसून हा प्रकाश पचवितात, आणि प्रक्रियेनंतर पिशवीला कोठे बारीक चीर पडली तर नवे जंतू शिरावयास मोकळीक असतेच.

आपल्या देशात काय आहे? प्रत्येक पिशवीची एच.आय.व्ही., कावीळ बी, कावीळ सी, उपदंश आणि हिवताप यांसाठी तपासणी कायद्याने बंधनकारक आहे, आणि ती होते. जंतूंसाठी मात्र गुणवत्ता राखण्याकरिता काही थोड्या पिशव्यांचे नमुने संवर्धनास लावतात. प्रत्येक बिंबिकापिशवीची तशी तपासणी होत नाही. अतिनील प्रकाशाची यंत्रे फार महाग आहेत व त्यांचा वापर अपवादानेच दिसतो. तेव्हा आपल्याकडे पिशवीची राखण बरीचशी माणसांवर आहे. दात्याच्या खऱ्या बोलण्यावर, हात पुसणाऱ्याच्या धीरावर, आणि शेवटी खाटेशेजारी उभ्या असलेल्या परिचारिकेच्या नजरेवर.

ह्या शेवटच्या नजरेची किंमत आम्हांला गेल्या हिवाळ्यात कळली. आमच्या आप्तांपैकी एका घरची नववीत शिकणारी मुलगी रक्ताच्या कर्करोगाने आजारी होती. औषधांनी तिच्या पांढऱ्या पेशी आणि बिंबिका दोन्ही पार खाली गेल्या होत्या. हिरड्यांतून रक्त येऊ लागले म्हणून बिंबिकांच्या चार पिशव्या द्यावयाच्या ठरल्या. दोन झाल्या. तिसरी लावून दहा मिनिटे झाली असतील, आई म्हणाली, "सिस्टर, हिला थंडी वाजतेय. एक ब्लँकेट मिळेल का?" रात्रपाळीच्या त्या केरळी परिचारिकेने ब्लँकेट नंतर दिले. आधी तिने नळीची कळ बंद केली, ताप पाहिला, रक्तदाब पाहिला आणि डॉक्टरांना हाक मारली. ताप दीड अंशाने चढलेला, रक्तदाब उतरलेला. तिने सगळी नळी बदलून साधे सलाईन सुरू केले, आणि उरलेली पिशवी, तिच्या नळीसकट, बांधून रक्तपेढीत पाठविली. मुलीच्या दुसऱ्या हातातून कल्चरसाठी रक्त घेतले आणि प्रतिजैविके तासाभरात सुरू झाली.

पिशवीत आणि मुलीच्या रक्तात एकच जंतू सापडला, क्लेबसिएला. दरम्यान रक्तपेढीने त्याच दात्याच्या तांबड्या पेशींची पिशवी शीतकपाटातून शोधून बाजूला काढली होती. ती दुसऱ्या दिवशी एका बाळंतिणीला जावयाची होती. मुलीचे पुढचे तीन दिवस फार कठीण गेले. अकराव्या दिवशी ती उठून बसली. जंतू कोठून आला हे शेवटपर्यंत कळले नाही.

आम्ही त्या रात्रीचा विचार करतो तेव्हा अंगावर काटा येतो तो एवढ्यासाठी, की त्या थंडीचे दुसरे स्पष्टीकरण सहज हाताशी होते. अशा रुग्णांना ताप येतच असतो. पांढऱ्या पेशी नसल्या की ताप, औषधांचा ताप, रक्त चढविताना येणारा साधा ताप. एक गोळी द्यावी, ब्लँकेट घालावे आणि पिशवी पुरी करावी, हे कोणालाही वावगे वाटले नसते. जगभर अशा कितीतरी घटना रोगाच्या खाती जमा होत असतील, असे जाणकारांचे मत आहे. आपल्याकडे रक्त चढविताना घडणाऱ्या अपायांची नोंद ठेवण्याचा राष्ट्रीय उपक्रम १० डिसेंबर २०१२ रोजी सुरू झाला. नोएडा येथील राष्ट्रीय जैविक संस्था तो चालविते. नोंद कळविणे मात्र रुग्णालयांच्या इच्छेवर आहे, आणि ज्याला कोणी अपाय म्हणून ओळखलेच नाही ते कळविणार तरी कसे?

घरच्या मंडळींना येथे दोन-तीन गोष्टी ठाऊक असाव्यात असे वाटते, कारण आपल्या शहरांत पुष्कळदा रक्तपेढीतून रुग्णालयात पिशवी घेऊन जाणारा माणूस घरचाच असतो. तांबड्या रक्ताची पिशवी थंड डब्यातून न्यावयाची असते. म्हणून पुष्कळ जण बिंबिकांची पिशवीही बर्फात घालतात. ती तशी घालू नये. तिला उन्हात, मोटारीच्या तापलेल्या डिकीतही ठेवू नये. वाटेत कोणाकडे टेकू नये. पोहोचल्यावर ती वॉर्डातील फ्रिजमध्ये जाणार नाही आणि लगेच लावली जाईल एवढे नम्रपणे पाहावे. लावल्यानंतर पहिली पंधरा मिनिटे रुग्णापाशी कोणी तरी बसावे. हुडहुडी, ताप, धाप, उलटी, छातीत किंवा पाठीत दुखणे, एकाएकी गळून जाणे, यांपैकी काहीही दिसले तर "होईल बरे" म्हणून थांबू नये, परिचारिकेस बोलवावे. आणि पिशवी कचऱ्यात जाऊ देऊ नये. पुराव्याची ती एकच वस्तू असते.

आणखी एक गोष्ट आम्ही भीत भीतच लिहितो, कारण ह्यावरून घराघरांत भांडणे होतात. पावसाळा सरता सरता डेंग्यूची साथ येते, बिंबिकांचे आकडे रोज सकाळी टेलिफोनवर विचारले जातात, आणि पन्नास हजारांच्या खाली आकडा गेला की नातेवाईक डॉक्टरांच्या मागे लागतात, "साहेब, प्लेटलेट चढवा." डॉक्टरही मंडळींचा नूर पाहून कधी कधी मान तुकवितात. वस्तुतः डेंग्यूच्या रुग्णास रक्तस्राव होत नसेल, तर आकडा दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत बहुधा बिंबिका देण्याची गरज नसते, असे आपल्याकडील मार्गदर्शक सूचना सांगतात. सिंगापूर आणि मलेशियातील प्रौढ रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. आकडा वीस हजार किंवा त्याहून कमी, पण रक्तस्राव नाही, अशांपैकी काहींना बिंबिका दिल्या, काहींना नाही. दिल्यामुळे रक्तस्राव टळला असे दिसले नाही. उलट अपाय त्यांच्यातच अधिक झाले. ज्या मुलीची हकीगत वर सांगितली तिच्यासारख्यांना बिंबिकांवाचून गत्यंतर नसते, तेथे धोका पत्करावाच लागतो. जेथे गरज नाही तेथे तो का घ्यावा? न चढविलेल्या पिशवीतून कोणाला जंतू लागत नाही. (पपईच्या पानांच्या रसाबद्दल विचारणाऱ्या वाचकांना आमचे उत्तर एवढेच, की तो अतिशय कडू लागतो.)

यंदाच्या शिबिरात मंडळाने आम्हांला रक्त देण्याऐवजी प्रश्नावलीच्या टेबलावर, त्या मुलीच्या शेजारी बसविले. प्रश्न मराठीत मोठ्या अक्षरांत छापून घ्यावेत ही सूचना आमचीच, म्हणून शिक्षाही आम्हांलाच. पहिलेच गृहस्थ आमच्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, भजनी मंडळात झांजा वाजविणारे. ताप नाही, जखम नाही, दात नाही. जुलाबाच्या प्रश्नाशी ते घुटमळले आणि मग पुढे वाकून हळूच म्हणाले, "तीन दिवसांपूर्वी पोट जरा बिघडले होते. आता ठणठणीत आहे. लिहू नका तेवढे."

आम्ही तेवढे लिहिले, आणि हाताला धरून त्यांना चहाच्या टेबलाकडे घेऊन गेलो.